नऊ वेळा ‘कोटेड’: यावल तालुक्यातल्या एका पदार्थयादीचं प्रकरण

यादी एका पानाची होती. अकरा पदार्थ, प्रत्येकापुढे इंग्रजी नाव, वजन आणि भाव. त्या अकरा नावांत ‘कोटेड’ हा शब्द नऊ वेळा आला होता. गुळाचे दाणे जॅगरी कोटेड, खारे दाणे सॉल्ट कोटेड, केळीचे वेफर्स मसाला कोटेड, आवळा शुगर कोटेड आणि ज्वारीची बिबडी (पापडासारखं वाळवण), तीही सेसमी कोटेड. उरलेल्या दोन पदार्थांना हा शब्द चिकटवलेला नव्हता. त्यांतल्या एकाला वरून काहीतरी लावलेलं आहे हे लिहिणं खरं तर सगळ्यात गरजेचं होतं, पण ते फार पुढे कळलं.

मी जळगावात भाषांतराची कामं करतो. ठिबकच्या माहितीपुस्तिका, लेबलं, करारनामे, क्वचित लग्नाच्या निमित्तानं परदेशी पाठवायची कागदपत्रं. ही यादी माझ्याकडे आली ती दोनदा फसल्यानंतर. यावल तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. आजूबाजूला सगळी केळी. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून केळीचे पदार्थ बाहेर पाठवायची हौस आणि उमेद दोन्ही वाढली आहेत. या गटालाही मुंबईचा एक व्यापारी भेटला, जो इंग्लंडमधल्या भारतीय किराणा दुकानांना माल पाठवतो. त्यानं इंग्रजी यादी मागितली. गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींच्या भाच्यानं ती मोबाइलवर भाषांतर करून दिली.

व्यापाऱ्यानं नमुन्याला मागवले ‘कोटेड पीनट्स’. किराणा व्यापारात हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतो तो पिठाचं कुरकुरीत कवच असलेला दाणा, म्हणजे आपले बेसनाचे मसाला दाणे. गटानं यादीतलं पहिलं ‘कोटेड’ बघून गुळाच्या पाकातले दाणे पाठवले. त्यात यादीवर ‘अनशेल्ड’ असंही होतं. भाच्याचा हिशेब सरळ होता: शेल म्हणजे टरफल, अन म्हणजे नाही, म्हणून टरफल नसलेले. इंग्रजीत मात्र ‘शेल्ड’ म्हणजे टरफल काढलेले आणि ‘अनशेल्ड’ म्हणजे टरफलासकट. व्यापाऱ्यानं फोन करून विचारलं, की तुम्ही अख्ख्या शेंगेवर गूळ चढवता का? मावशींना वाटलं थट्टा करतोय.

दुसरी यादी

भाचा हुशार आहे, हे आधीच सांगतो. एकच शब्द नऊ वेळा आला हे त्यालाही खटकलं होतं. मग त्यानं पदार्थांची वर्णनं मराठीत नीट लिहिली आणि प्रत्येक क्रियापदाला वेगळा इंग्रजी शब्द शोधला. घात झाला तो इथे.

‘मसाल्यानं माखलेले वेफर्स’ हे वाक्य मराठीत तोंडाला पाणी आणणारं आहे. माखणं आपल्याकडे लोण्याचंही असतं, हळदीचंही आणि चिखलाचंही. बाळकृष्णाचं तोंड लोण्यानं माखलेलं असतं, त्यात कुणाला घाण दिसत नाही. कोशानं भाच्याला दिलं ‘स्मिअर्ड’. इंग्रजीत स्मिअर झालेली गोष्ट डागाळलेली असते: काचेवरचे बोटांचे ठसे, गालावरचं रक्त, एखाद्याच्या नावावर उडवलेला चिखल. ‘साखरेचा थर बसलेला आवळा’ झाला ‘केक्ड’. केक म्हणजे गोड, तेव्हा शब्दही गोडच असणार असं त्याला वाटलं. पण केक्ड म्हणजे वाळून खपली धरलेलं, जसे शेतातून आल्यावर बुटाला चिकटलेले चिखलाचे पोपडे. खाऱ्या दाण्यांना ‘सॉल्ट लेस्ड’ लावलं होतं. लेस म्हणजे झालर, म्हणून नटवलेलं, हा त्याचा अर्थ. इंग्रजी वाचणारा ‘लेस्ड’ वाचतो तेव्हा त्याला पेल्यात गुपचूप मिसळलेली दारू किंवा विष आठवतं. व्यापाऱ्याचा दुसरा फोन आला तो जरा घाबरलेलाच. दाण्यांत नक्की काय घातलंय?

इंग्रजीत अशा शब्दांची दोन घराणी आहेत. एक कुणीतरी हौसेनं, हेतूनं चढवलेल्या थराचं: ग्लेझ्ड, गिल्डेड, डस्टेड, कोटेड. दुसरं आपोआप, नको असताना बसलेल्या थराचं: स्मिअर्ड, केक्ड, स्प्लॅटर्ड, ग्राइमी. आपल्याकडेही हे आहे, पण आपण ते बऱ्याचदा प्रत्ययानं दाखवतो. तेलकट, धुळकट, मळकट. ‘कट’ लागला की तक्रार आली. तेलात तळलेला वेफर हवा, तेलकट नको. माखणं मात्र दोन्ही घरांत जाऊन जेवणारं क्रियापद आहे, आणि भाचा नेमका त्यालाच धरून नदीत उतरला.

यादी तिसऱ्यांदा करायची ती माझ्याकडून, असं ठरलं.

घरी बसून का केलं नाही

मला एका शब्दावर विसंबायची भीती वाटते ती सराफ्यामुळे. मागे एकदा जळगावातल्या एका दुकानासाठी दागिन्यांची इंग्रजी वर्णनं करून द्यायची होती, अमेरिकेत राहणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. मी सगळ्याला ‘सोन्याचा मुलामा’ धरून ‘गोल्ड प्लेटेड’ लिहून मोकळा होणार होतो. मग वाचलं तर अमेरिकी व्यापार आयोगाच्या मार्गदर्शक नियमांत या शब्दांची मापं ठरलेली. ‘व्हर्मेल’ म्हणायचं तर खाली स्टर्लिंग चांदीच हवी आणि वरचं सोनं किमान 2.5 मायक्रॉन जाडीचं. ‘गोल्ड फिल्ड’मध्ये सोनं आत भरलेलं नसतंच, वरूनच दाबून बसवलेलं असतं, पण एकूण वजनाचा किमान विसावा भाग सोनं असावं लागतं. मराठीत आपण मुलामा म्हणतो, मढवणं म्हणतो, वर्ख म्हणतो, आणि किती जाड ते सोनाराच्या तोंडाकडे बघून ठरवतो. तेव्हापासून वस्तू हातात घेतल्याशिवाय मी या जातीचा शब्द लिहीत नाही.

म्हणून भुसावळमार्गे यावलला गेलो. बरोबर काळा कागद नेला होता, मुलांच्या हस्तकलेचा असतो तो. प्रत्येक पदार्थ त्यावर ठेवायचा, हलकेच घासायचा आणि काय उरतं ते बघायचं. गटातल्या बायकांना हा प्रकार फार आवडला. दहा मिनिटांत मी बाजूला आणि कागद त्यांच्या हातात.

वेफर्सनी कागदावर लाल-पिवळी भुकटी सोडली. आवळ्यानं पांढरी पिठीसाखर सोडली, पण ती झटकल्यावरही आवळा चावला तर आतपर्यंत गोड. गुळाच्या दाण्यानं भुकटी सोडली नाही, बोटाला मात्र जरा चिकटला. मसाला दाण्यानं काहीच सोडलं नाही. दाताखाली कवच फुटलं आणि दाणा वेगळा, कवच वेगळं. खाऱ्या दाण्यावर मीठ जवळजवळ दिसतच नव्हतं, कारण तो मिठाच्या पाण्यात भिजवून मग भाजलेला. आणि बिबडीचे तीळ कागदावर कितीही घासले तरी जागचे हलले नाहीत. हलणार कसे? ज्वारीच्या चिकात तीळ, लसूण, मिरची सगळं आधीच कालवलेलं असतं. तीळ बिबडीवर नव्हते, बिबडीत होते.

कोट हा शब्द आपण अंगात घालायच्या कोटासाठी वापरतो, आणि इंग्रजीतही मूळ अर्थ तोच, वस्त्राचा. माझी कसोटी त्यातून निघाली: हा कोट काढता येतो का? काढल्यावर आतला माणूस तसाच राहतो का? मसाला दाण्याचा कोट निघतो. आवळ्याची साखर रक्तात गेलेली, ती निघत नाही. बिबडीचे तीळ तर हाडामांसाचेच.

मावशींनी हेच माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं होतं. केळीचे पाकातले काप दाखवत म्हणाल्या, ‘‘भाऊ, याले लावेल नही म्हनत, याले मुरेल म्हनतो.’’

मुरेल. इथे मी जरा थांबलो. प्रमाण मराठीत ‘पाकात मुरवलेले’, ‘पिठात घोळवलेले’, ‘तळलेले’ अशी लांबलचक रूपं होतात आणि पाकिटावर मावत नाहीत. खानदेशात मात्र मुरेल, माखेल, भाजेल, भरेल, आणि ‘ळ’चा ‘य’ करून तयेल, घोयेल. शेवटी एक ‘एल’ लागला की काम झालं. इंग्रजीचा ‘एड’ नेमका हेच करतो: सॉल्टेड, बटर्ड, फ्लावर्ड. त्या दुपारी मी प्रमाण भाषेतून इंग्रजीत न जाता मावशींच्या बोलीतून इंग्रजीत गेलो, आणि काम निम्मं झालं. एकेक पदार्थ समोर धरायचा, विचारायचं, ‘‘हे काय एल?’’ पहिला शब्द जो येईल तो मराठी रकान्यात. वेफर्स: भुरभुरेल. गुळाचे दाणे: घोयेल. आवळा: मुरेल, मंग घोयेल. मसाला दाणे: ‘‘बेसनात बुडेल अन् तयेल.’’

शब्दांची निवड

खाऱ्या दाण्यांचं काम एका मिनिटात संपलं: सॉल्टेड पीनट्स. मराठीतही ‘खारवलेले’ असा छान एकशब्दी पर्याय आहे, तो उगाच मागे पडला. बिबडीला ‘विथ सेसमी’, म्हणजे तिळासह, बस. खजुराचे लाडू खसखशीत घोळवलेले होते, त्यांना ‘रोल्ड इन पॉपी सीड्स’. इंग्रजीत कृती हाताची असेल तर ती लपवायची गरज नाही, रोल्ड इन, टॉस्ड इन, डिप्ट इन हे रोजचे शब्द आहेत. (व्यापाऱ्याला एवढं मात्र कळवलं, की हाच माल पुढे दुबईला पाठवायचा विचार असेल तर हा पदार्थ गाळा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे.)

गुळाच्या दाण्यांवर वेळ गेला. थर पातळ, कडक आणि चकाकणारा. पाक गोळीबंद झाला की दाणे टाकून झपाझप हलवतात, म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही. चिकटला तर ती चिक्की. चकाकीमुळे मी ‘ग्लेझ्ड’ निवडला. हा शब्द काचेच्या म्हणजे ग्लासच्या घराण्यातला, आपल्या झिलईचा सख्खा भाऊ. मातीच्या बरणीवरची झिलई आणि दाण्यावरची गुळाची झिलई, इंग्रजीत दोन्ही ग्लेझच.

केळीचे काप आणि आवळा ‘कँडीड’ झाले. हा शब्द मावशींना समजावताना मला मजा आली, कारण तो आपलाच आहे. संस्कृतातली ‘खंड’ म्हणजे साखरेचा खडा, तीच फारसी-अरबीतून ‘कंद’ आणि ‘कंदी’ होत युरोपात गेली आणि तिकडून ‘कँडी’ होऊन परत आली. कँडीड म्हणजे खंड मुरेल. फळ पाकात ठेवतात, रोज पाक थोडा घट्ट करतात, फळातलं पाणी बाहेर येतं आणि साखर आत जाते. ‘शुगर कोटेड’ आणि ‘कँडीड’ यांत नेमका हाच फरक आहे. पहिल्यात साखर दारात उभी असते, दुसऱ्यात ती घरात राहायला आलेली असते. आवळ्याला दोन्ही झालं होतं, म्हणून त्याचं वर्णनही दुहेरी केलं: कँडीड, आणि वर साखरेनं डस्टेड.

या ‘डस्टेड’वर भाचा अडला. त्याच्या माहितीत डस्टिंग म्हणजे धूळ झटकणं. तेही बरोबरच आहे. फर्निचर डस्ट केलं तर भुकटी जाते, केक डस्ट केला तर भुकटी येते. ‘सीडेड’चंही तसंच: सीडेड पावावर बिया लावलेल्या असतात आणि सीडेड मनुक्यांतल्या बिया काढलेल्या असतात. नामाला ‘एड’ लावून इंग्रज घालणं आणि काढणं दोन्ही उरकतात, आणि कोणतं ते पदार्थाकडे बघून समजून घ्यायचं. शेल्ड दाण्यांची फसगत याच जातीची होती. मी भाच्याला एवढंच म्हटलं, की जिथे दोन्ही अर्थ शक्य असतील तिथे पुढे ‘विथ’ लाव. ‘डस्टेड विथ शुगर’ म्हटल्यावर कुणी साखर झटकत नाही.

हलव्याचा घोळ

सगळ्यात जास्त कागद खाल्ला तो काटेरी हलव्यानं. संक्रांत जवळ आली होती आणि गटाचं तेच मुख्य काम चाललं होतं, म्हणून मला ते बघायला मिळालं. मंद निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर परात, परातीत मूठभर तीळ. बाजूला एकतारी पाक, दूध घालून मळी काढलेला, त्यामुळे स्वच्छ. मावशी चमचाभर पाक तिळांवर टाकत आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहत, परातीला तळवा न लावता. पाक सुकून पांढुरका झाला की पुढचा चमचा. घाई केली की गोळा होतो, निखारा जास्त झाला की साखर पिवळी पडते. रात्रीच्या थंडीत काटा चांगला येतो म्हणून त्या जेवणं उरकल्यावर बसत. मी पाहिलं तेव्हा तिळांना नुकतं अंग धरायला लागलं होतं, काटे यायचे होते.

‘‘किती हात दिले?’’ मी विचारलं.

‘‘मोजले कोनं?’’

आपल्याकडे रंगारीसुद्धा दोन ‘हात’ मारतो. इंग्रज रंगारी दोन ‘कोट’ मारतो. थर तोच, पण त्यांनी कपडा पाहिला आणि आपण हात पाहिला. हलव्याच्या बाबतीत मला ‘हात’ हाच शब्द खरा वाटतो, कारण ती साखर परातीत नुसती ओतलेली नसते, फिरवून फिरवून वाढवलेली असते.

पण इंग्रजीत लिहायचं काय? जुन्या इंग्रजीत याच वस्तूला नाव होतं, ‘कॉम्फिट’. शहाजिरं, बडीशेप, बदाम यांच्यावर पाकाचे थरावर थर चढवून केलेली गोळी. आज तो शब्द सामान्य गिऱ्हाईक ओळखणार नाही. ‘ड्राजे’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द कारखान्यांच्या भाषेत चालतो, पण त्यानं गुळगुळीत बदामाची गोळी डोळ्यांसमोर येते आणि आमच्या हलव्याची सगळी प्रतिष्ठा काट्यात. नुसतं ‘हलवा’ लिहिलं तर आणखी पंचाईत. इंग्लंडच्या दुकानांत हल्वा म्हटलं की तिळाच्या लगद्याची तुर्की-अरबी वडी पुढे येते. म्हणजे तीळही तेच, नावही तेच आणि पदार्थ पूर्ण निराळा.

शाळेत आम्हाला ‘शर्करावगुंठित’ हा शब्द होता. कडू औषधाच्या गोळीबद्दल किंवा गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल वापरायचा. अवगुंठन म्हणजे घुंगट. साखरेचा पदर डोक्यावर घेतलेली गोळी! बोलून दाखवल्यावर बायका पोट धरून हसल्या, आणि त्यांतली एक म्हणाली की आमच्या हलव्याच्या पदराला काटे आहेत, जपून घ्या. इंग्रजीत मात्र मी शेवटी साधंच लिहिलं: तीळ, साखरेच्या अनेक पातळ थरांनी कोटेड. म्हणजे ज्या शब्दाला हाकलायला मी गेलो होतो, तो इथे सन्मानानं बसला. मसाला दाण्यालाही ‘कोटेड’ ठेवला, कारण तिथे बाजार त्याच शब्दानं ती वस्तू मागतो. नवातले दोन राहिले.

पापड

आता तो पदार्थ, ज्याला भाच्यानं ‘कोटेड’ लावलं नव्हतं. उडदाचे पापड. यादीत नुसतं ‘उडीद पापड’ आणि घटकांत उडदाची डाळ, मीठ, मिरे, हिंग, पापडखार. काळ्या कागदाचा खेळ संपत आला होता, कागदही अर्धा पांढरा झाला होता. एका मुलीनं सहज पापड घासला. पांढरी रेघ उठली.

‘‘हे काय?’’

‘‘पिठी. लाटाले लागते ना.’’

‘‘कसली पिठी?’’

उत्तर लगेच आलं नाही. उडदाचं पीठ असेल तर तेच, संपलं तर तांदळाची, आणि कधीमधी घरची कणीक. मावशी म्हणाल्या, ‘‘पिठी तं लावाच लागते, नही तं लाटी पाटाले चिकटते.’’ त्यांच्या दृष्टीनं ते पापडाला लावणं नव्हतंच, पाटाला लावणं होतं. पापडाचा घटक म्हणून ती कुणी कधी मोजलीच नव्हती.

इंग्लंडच्या लेबलावर मात्र ही रेघ फार मोठी आहे. तिकडच्या नियमात ॲलर्जी आणणाऱ्या 14 पदार्थांची यादी आहे. शेंगदाणा त्यात आहे, तीळ त्यात आहे आणि ग्लूटेन असलेली धान्यं, म्हणजे गहू, तीही आहेत. घटकांच्या यादीत ही नावं ठळक करून छापावी लागतात. उडीद पापड म्हटलं की गहू न चालणारा माणूस तो बेलाशक विकत घेतो, कारण उडीद ही डाळ. त्याच्या वर बसलेली चिमूटभर कणीक त्याला दिसत नाही. इंग्रजी स्वयंपाकात या कृतीला डस्टेड, फ्लावर्ड, ड्रेज्ड असे चढत्या मापाचे शब्द आहेत: हलकी भुरभुर, सर्वांगाला पीठ, आणि पिठात पुरतं लोळवणं. (बंदरातला गाळ उपसणारं ‘ड्रेज’ हे वेगळंच, नात्यागोत्याचं नाही.) पण इथे प्रश्न शब्दाच्या निवडीचा नव्हता. ‘पिठी लावणं’ ही कृती मराठीत इतकी अंगवळणी पडलेली, की ती पदार्थाच्या वर्णनात कधी उतरतच नाही. नऊ ठिकाणी भाच्यानं आवरण घातलं, आणि जिथे खरोखर आवरण होतं तिथे कुणाला दिसलंच नाही, मलाही नाही. काळा कागद नसता तर मी ती यादी तशीच सही करून दिली असती.

त्याच दुपारी ठरलं, की बाहेर पाठवायचे पापड फक्त उडदाच्या पिठावर लाटायचे. पाट-लाटणं वेगळं, पिठाचा डबा वेगळा, डब्यावर खडूनं खूण. आधी लाटलेले गावात विकायचे. दोघीतिघींना हे थोतांड वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. उडदाचं पीठ महाग, त्यांचा मुद्दा खोटा नव्हता.

पुढे काय झालं

तिसऱ्या यादीवर व्यापाऱ्यानं अकरापैकी पाच पदार्थ घेतले: मसाला दाणे, गुळाचे दाणे, आवळा, पापड आणि वेफर्स. वेफर्सवरचा माझा ‘डस्टेड’ त्यानं खोडून ‘सीझन्ड’ केला. मला ते पटेना. भुरभुरेल म्हणजे डस्टेडच. तो म्हणाला, ‘‘साहेब, डस्टेड वाचलं की गिऱ्हाईक वेफरवर पावडर शोधतं. तुमचा मसाला दोन हजार मैल हादरे खाऊन पाकिटाच्या तळाशी बसणार. सीझन्ड लिहिलं की चव लागली तरी पुरे.’’ मैलांचा हिशेब त्यानं फारच कमी धरला होता, बाकी बोलणं बरोबर होतं. बिबडी त्यानं घेतली नाही, भाजून की तळून खायची हे पाकिटावर कसं समजावणार, म्हणाला. हलवाही राहिला. नावाचा घोळ त्याला परवडणारा नव्हता, आणि काटे प्रवासात मोडतात ही त्याची दुसरी हरकत मावशींनाही मान्य होती.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. आता तो प्रत्येक शब्दाला मला विचारतो, जरा जास्तच विचारतो. पाकिटांच्या पुरवठादारानं कोटेशनमध्ये ‘लॅमिनेटेड पाऊच, फॉइल लाइन्ड’ लिहिलं होतं. ‘‘भाऊ, लाइन्ड म्हणजे आतून ना, अस्तरासारखं? मग लॅमिनेटेड वरून का?’’ मी म्हटलं, एक पाऊच कुरिअरनं पाठव, आपण कापून बघू. पाऊच आला. कात्रीनं कोपरा कापून नखानं पदर सोडवले: बाहेर छापील प्लॅस्टिक, मध्ये चंदेरी ॲल्युमिनिअम, आत पुन्हा प्लॅस्टिक, तिन्ही एकमेकांना चिकटवलेले. लॅमिनेटेड बरोबर होतं. पण चंदेरी पदर मध्ये होता, आत नव्हता. दाण्यांना लागणार होतं ते प्लॅस्टिकच. ‘फॉइल लाइन्ड’वर लाल पेनानं गोल केला आणि कोटेशन पुरवठादाराकडे परत पाठवायला सांगितलं.